काळी चार

पेटीचा भाता मिटता मिटता खुशालरावांनी पुन्हा ठरवलं, आता सांगून टाकायचं. सून प्रणाली समोर सतरंजीवर बसली होती. मांडीवर पौर्णिमा, आणि तिच्या कपाळावर आईचा पालथा हात. पोरीला ताप नव्हता. कालही नव्हता. तरी हात तिथंच.

"लागला ना बाबा बरोबर? वरचा सा?"

"लागला."

"तिथं असाच लागला पाहिजे."

खुशालरावांनी घसा साफ केला. "प्रणाली, ऐक. तिथं गेल्यावर पट्टी विचारतीन..."

"काळी चार सांगेन ना. फोनवर सांगितलीच आहे."

"हो, पन..."

स्वयंपाकघरातून बायकोचा, रुख्मिणीबाईंचा आवाज आला. त्या डब्यात पोळ्या भरत होत्या. "पन काय त्याच्यात? या घरात काळी चारच्या खाली कोनी गायलं हाये का? माहं वय पाय आन् माहा गळा पाय. अजून मी तिथंच म्हनतो."

खुशालरावांच्या तोंडातला शब्द परत आत गेला. तो असाच कितीतरी वर्षं आत जात होता.

रुख्मिणीच्या गळ्याची गाठ काढली तेव्हा थोरली मुलगी रागिणी कॉलेजात होती आणि विपुल, प्रणालीचा आताचा नवरा, शाळेत. आवाज थोडा बसेल, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण लग्नाआधी अकोल्याच्या नाटक मंडळीत नायिकेची पदं गायलेली बाई. जखम भरल्यावर ती पेटीशी बसली, काळी चारमध्ये वरचा सा लावायला गेली आणि तो मधेच फुटला. तिनं पेटीवर जुनं लुगडं टाकलं ते काढलंच नाही. पुढे ती दर्यापूरला माहेरी गेली, तेव्हा खुशालरावांनी पेटी बडनेऱ्याच्या गोवर्धन मिस्त्रीकडे नेली. गोवर्धननं आतल्या सुरांच्या पितळी पट्ट्या काढल्या आणि सगळ्या दोन-दोन घरं सरकवून बसवल्या. बाहेरून पेटी तीच. बोट काळी चारवर ठेवायचं, सूर निघायचा त्याच्या खालच्या काळी तीनचा. रुख्मिणी परत आली. नाही नाही म्हणत बसली, आणि वरचा सा लागला. ती रडली, आणि खुशालराव भाता मारत खिडकीबाहेर बघत राहिले.

तेव्हापासून या घराचे काही नेम झाले. रुख्मिणीबाई भजनाला जायच्या तर घरची पेटी ऑटोत घालून सोबत जायची, दुसऱ्याच्या पेटीवर त्या म्हणायच्या नाहीत. आणि मोबाईलमधल्या तंबोऱ्यावर कुणी बसायचं नाही. मोबाईलचा सूर खोटा. सून म्हणून आली त्या वर्षी प्रणालीनं एकदा फोनवर तंबोरा लावून पाहिला होता. ती संगीत घेऊन बी.ए. झालेली. म्हणाली, "बाबा, हे जुळत नाहीये." खुशालराव म्हणाले, "मोबाईलचं काही खरं नसते." नवी सून, तिनं फोन बंद केला. मग पौर्णिमा झाली आणि गाणंच बंद पडलं. ते या पावसाळ्यात पुन्हा सुरू झालं, अकोल्याच्या गजेंद्र धोट्यांनी संगीत नाटकांचा हंगाम जाहीर केला म्हणून. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत विदर्भभर प्रयोग, रीतसर नोकरी. तालमी अकोल्यात, आणि तालमीच्या वेळी लेकीला सांभाळायला तिथं राहणाऱ्या रागिणीताई तयार. आज त्याच्या निवडीसाठी अकोल्याला गाऊन दाखवायचं होतं.

दारात विपुल हेल्मेट काढून उभा राहिला. राजापेठेतला आपला शिकवणीचा सकाळचा क्लास त्यानं लवकर सोडला होता. "ऑटो खाली उभी आहे. चला, नाही तर गाडी जाते."

गाडीत सांगू, असं खुशालरावांनी ठरवलं.

गाडीत रुख्मिणीबाई दोघांच्या मधे बसल्या. मूर्तिजापूरला गाडी थोडी जास्त थांबली. विपुल चहा आणायला उतरला, रुख्मिणीबाई नळाकडे गेल्या. खुशालराव सरकून सुनेच्या जवळ आले.

"प्रणाली, एक सांगायचं राह्यलं."

तिनं वळून पाहिलं. डोळ्यांत एवढा भरवसा होता, की त्यांना खिडकीच्या गजाकडे बघावं लागलं.

"मीच आधी सांगते बाबा," ती म्हणाली. "तुम्ही रोज पहाटे पेटी घेऊन बसले नसते ना, तर मी पुन्हा गायलेच नसते. विपुलनं एवढं एकच वर्ष म्हटलंय. पुढच्या वर्षी पौर्णिमाची शाळा. पण आज झालं तर पुढचं पुढे बघता येईल." मग हसली. "तुमचं काय होतं?"

"काई नाई. पानी पीत राह्य. गळा कोरडा पडू देऊ नको."

*

सभागृहाच्या व्हरांड्यात बायका आपापलं पुटपुटत उभ्या होत्या. प्रणालीनं आधी लेकीच्या हाताला लागतील अशी भिंतीवरची विजेची उघडी बटणं पाहिली, मग जिन्याला कठडा आहे का ते, मग विपुलच्या हातातल्या पिशवीत उकळलेल्या पाण्याची बाटली आहे का ते.

"मी बघतो तिला," विपुल म्हणाला. "तू जा. आणि हे बघ, नाही झालं तरी काही बिघडत नाही."

तो चांगल्या मनानं म्हणाला. पण ते वाक्य तिच्यासोबत आत आलं.

आत टेबलामागे गजेंद्र धोटे बसले होते. बाजूला ऑर्गनवर वामनराव. गजेंद्र सगळ्यांना जे सांगत होते तेच त्यांनी तिलाही सांगितलं, "नाटकात दोन गाणाऱ्या बायका आहेत. नायिका आणि तिची थोरली बहीण. थोरलीची पदं काळी तीनमध्ये. त्या बाया सकाळीच ऐकून झाल्या, एक मुलगी जवळपास ठरलीही आहे. आता नायिका. नायकासोबत तिची दोन जोडपदं आहेत, म्हणून काळी चार लागते. तुमी फोनवर काळी चारच सांगितली होती ना?"

"हो."

"मंग त्याच पट्टीत म्हणा. मधात बदलायचं नाही. प्रयोगात बदलता येत नाही, म्हणून इथंही नाही."

वामनरावांनी सा दिला.

तो वर होता. म्हणजे पायरी आहे तिथंच आहे असं धरून पाय टाकावा आणि ती थोडी उंच निघावी, तसं तिला झालं. प्रणालीनं ओठ उघडून परत मिटले. विचारावं का? पण काय विचारायचं? एवढ्या मोठ्या सभागृहाचा ऑर्गन चुकीचा आणि राजापेठेतल्या घरातली पेटी बरोबर? लेकीचं दूध नासलं की काय ते ती दोनदा हुंगून बघायची. डॉक्टरांनी दिलेलं औषधसुद्धा फोनवर वाचून मगच द्यायची. स्वतःच्या कानावर मात्र तिचा तेवढा विश्वास नव्हता. भीतीनं असं वाटतं, तिनं मनाला सांगितलं. आणि सुरू केलं.

"उंबऱ्याशी थांबली ही वाट कोणाची..."

मुखडा निभला. खालच्या जागा नीट गेल्या, गजेंद्रांनी लिहिणं थांबवून वर पाहिलंसुद्धा. अंतरा चढू लागला तसा गळा आवळत गेला. वरच्या सा वर ती पोचली आणि आवाज फाटला. तिनं पुन्हा घेतला. पुन्हा फाटला.

ऑर्गन थांबला.

"पाणी घ्या," गजेंद्र म्हणाले. "घाई नाही."

"नको. पुन्हा म्हणू?"

"दोनदा ऐकलं न बाई." त्यांचा आवाज वाईट नव्हता, त्याचाच तिला जास्त त्रास झाला. "पट्टी कोणी ठरवून दिली तुम्हाला?"

"घरच्या पेटीवर... रोज याच पट्टीत म्हणते मी."

वामनराव ऑर्गनवर कापड सारखं करत स्वतःशीच बोलल्यासारखं बोलले, "काळी तीनची बाई आहे ही. सकाळी पाठवायला पाहिजे होती."

गजेंद्रांनी खांदे किंचित उडवले. "आता कसं करता? वाशीमच्या मुलीला हो म्हणून बसलो." मग तिच्याकडे वळून, "खालचा आवाज सुंदर आहे तुमचा. काळी चार सांगितली नसती, तर तुमाले थोरलीसाठीच बोलावलं असतं."

*

रागिणीच्या घरी जेवायची पानं मांडली होती. पातोडीच्या रश्शाचा वास जिन्यापर्यंत आला होता. आनंदानं केलेला स्वयंपाक आता सगळ्यांच्या अंगावर आल्यासारखा झाला.

"मी म्हटलंच होतं," विपुल चपला काढताना म्हणाला. "पोरगी लहान आहे, रात्री झोप नाही. अशात गळा कुठून साथ देईल?"

"तू गप," रागिणी म्हणाली. "नाई झालं तरी बिघडत नाई, असं तूच म्हनला न तिले दारात? बाहेर जाताना मानसाले असं म्हनतेत का?"

"अगं ताई, धीर द्यायला म्हटलं."

"तुहा धीर तुह्याजवळ ठेव. बोर्डाच्या पेपरले मी तुले असं म्हनली असती तर?"

"तेव्हा तू म्हणाली होती, नापास झाला तर घरात घेणार नाही."

"मंग? झाला न पास."

रुख्मिणीबाई पाटावर बसल्या होत्या. त्यांनी पदर सारखा केला. "काळी चार म्हंजे खेळ नाई बाप्पा. साऱ्याच गळ्यात बसत नाई ते."

रागिणीनं वाटी आपटून ठेवली. इतका वेळ ती भावाशी भांडत होती, आता आईकडे वळली. "आई, आज तरी ते राहू दे. आमच्या लहानपनापासून तुही काळी चार आयकून राह्यलो आमी. मी गानं सोडलं ते त्याच्याच पायी. मले कधी लागली नाई न ते."

"मी कधी म्हनलं तुले सोड म्हनून?"

"म्हनायले कशाले पायजे?"

प्रणाली त्यांच्यात नव्हती. पौर्णिमाला झोपवायचं निमित्त करून ती आतल्या खोलीत गेली होती. लेक झोपलेलीच होती. प्रणालीनं दार लोटलं, फोनवर तंबोरा काढला आणि आवाज अगदी बारीक ठेवला. काळी चार. सभागृहातला तोच सा, तसाच वर. मग तिनं बोटानं खाली आणला. पांढरी पाच. काळी तीन.

घर आलं. पहाटेची सतरंजी, भात्याचा वास, बाबांचं "लागला" हे म्हणणं, सगळं त्या एका सुरात होतं. ती हळूच गुणगुणत वर गेली. वरचा सा लेकीची झोपही न मोडता लागला.

वामनराव काय म्हणाले ते आता तिला कळलं. आणि लग्नाच्या पहिल्या वर्षी आपल्याला जे कळलं होतं आणि जे आपण फोनसोबत बंद केलं होतं, तेही.

खुशालराव गॅलरीत दोरीवरच्या ओल्या कपड्यांमागे उभे होते. ती जवळ जाऊन उभी राहिली.

"बाबा, घरची पेटी उतरवलेली आहे."

त्यांनी नाही म्हटलं नाही. टॉवेलचं टोक हातात धरून ठेवलं.

"कधीची?"

"तुह्या सासूच्या गळ्याचं आपरेशन झालं तवाची." थोड्या वेळानं म्हणाले, "सकाळी सांगनार होतो."

"मूर्तिजापूरला तेच होतं?"

"हो."

"आईंना माहीत नाही?"

"नाई. तिले सांगू नको. तिचं तेवढंच हाये बाई." आणि मग, तिच्याकडे न बघता, "तुहंही एवढंच होतं, हे मले उशिरा समजलं."

प्रणालीला खूप बोलायचं होतं. थोरलीची पदं काळी तीनमध्ये होती, हे तर त्यांना माहीतही नव्हतं. ते सांगितलं असतं तर हा माणूस इथंच खाली बसला असता. तिनं दोरीवरचा पौर्णिमाचा ओला फ्रॉक उलटा केला आणि आत आली.

जेवताना विपुलनं शेवटी विचारलंच. आवाज मऊ होता. "पण नेमकं झालं काय, प्रणाली? घरी तर रोज लागत होतं."

सगळ्यांचे हात थांबले. खुशालरावांचा घास बोटांतच राहिला.

"घाबरले," प्रणाली म्हणाली. "समोर माणसं पाहिली आणि घाबरले. दुसरं काही नाही."

खुशालरावांनी घास तोंडात घातला. तो त्यांना गिळता येईना. रुख्मिणीबाईंनी ते पाहिलं. सून सासऱ्याकडे बघत नाही आणि सासरा सुनेकडे बघत नाही, हेही पाहिलं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, आणि तो मोडताना त्यांच्या हाताला कळलं की आता या पोरीलाही ठाऊक झालं आहे.

त्यांना स्वतःला ते पहिल्या दिवशीच कळलं होतं. माहेराहून परत येऊन सा लावला त्याच क्षणी. ज्या गळ्यानं रात्र रात्र काळी चारमध्ये पदं म्हटली, त्याला काय पेटी फसवणार? काळी चार टाळूच्या मागे कुठं ठोकते ते ठिकाण त्यांना ठाऊक होतं, आणि त्या दिवशी ते ठिकाण गप्प होतं. त्या रडल्या त्या म्हणूनच. हा माणूस पेटी बडनेऱ्यापर्यंत घेऊन गेला असेल, आणि आता खिडकीबाहेर बघतोय. कुणी आपल्यासाठी एवढं केलं नव्हतं. ते मोडायचं कसं? मग भजनाच्या बाया म्हणू लागल्या, काकूंचा गळा अजून तसाच, आणि ते ऐकायची सवय लागली. पुढे पुढे तर त्या स्वतःच्याच तोंडानं काळी चार, काळी चार म्हणू लागल्या. रागिणीनं गाणं सोडलं, तेव्हाही त्या म्हणतच होत्या.

आज सकाळी पोळ्या भरताना यांनी "पन" म्हटलं, तेव्हा रुख्मिणीबाईंना बरोबर समजलं होतं ते कशाचं पण आहे. आणि त्यांनीच ते मधे तोडलं. यांना बोलू द्यायचं नव्हतं, की आपल्यालाच ऐकायचं नव्हतं, हे आता कोण सांगणार? डबा भरून झाला होता. एवढं एक वाक्य त्या बोलल्या नसत्या तर.

"आई, भाजी?" रागिणीनं विचारलं.

"बस झालं."

"रागावली का माह्यावर?"

"नाई वं. तू बरोबर बोलली."

रागिणीनं तरी थोडी भाजी वाढलीच.

*

दुसऱ्या दिवशी राजापेठेत दिवेलागणीला रागिणीचा फोन आला, प्रणालीनं तो सगळ्यांसमोर स्पीकरवर घेतला. ती गजेंद्रांच्या बायकोला ओळखत होती, तिनं चौकशी केली होती. थोरलीचं काम वाशीमच्या मुलीकडे गेलं, आज पक्कं झालं. नायिका नागपूरची. प्रणालीनं "बरं ताई" म्हटलं. रागिणीनं पौर्णिमा जेवली का ते विचारलं आणि मग ठेवते म्हणाली.

देवापाशी दिवा लागला. या वेळेला रोज रुख्मिणीबाईंचं पद व्हायचं. खुशालरावांनी सवयीनं पेटी पुढे ओढली, वरचं कापड काढलं, भाता सोडला.

"पेटी राहू द्या," रुख्मिणीबाई म्हणाल्या.

"काहून? गळा दुखते का?"

"नाई. राहू द्या म्हनलं न." त्या सुनेकडे वळल्या. "प्रणाली, तुहा मोबाईल आन. त्याच्यात तंबोरा हाये न?"

खुशालरावांचा हात भात्यावरच राहिला. प्रणाली दारात उभी राहिली. तिनं आधी सासऱ्यांकडे पाहिलं.

"त्याईच्याकडं नको पाहू," रुख्मिणीबाई म्हणाल्या. "मले पयल्या दिवसापासून ठाऊक हाये. गळा माहा हाये."

 खालून गेलेल्या गाडीचा हॉर्न वर आला. खुशालरावांनी तोंड उघडलं. "मंग इतकी वर्षं..."

"तुमी आनंदानं केलं होतं. मी काय म्हनू?" त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, आणि आवाज खाली आला. "तुमी मले जपलं, मी तुमाले. या पोरीचं कोनी पाह्यलंच नाई. हे काल घाबरली नव्हती, मले समजत नाई का? माह्यापायी बोलली ते तसं."

विपुल पौर्णिमाला कडेवर घेऊन आतून आला होता. त्याला आई काय म्हणतेय याचा अर्थ लागत होता आणि लागत नव्हता. त्यानं बायकोकडे पाहिलं. काल आपण काय काय बोललो ते त्याला एकेक आठवू लागलं असावं, कारण तो बसायचं सोडून तसाच उभा राहिला.

प्रणालीनं फोन आणला. "तुमची लावू आई?"

"माही नको. तुही लाव. खरी जे हाये ते."

तिनं काळी तीन लावली. बारीक, एकसारखा सूर खोलीभर झाला. पेटीची काळी चार याच्याशी आज अगदी जुळली असती, पण ती कुणी दाबली नाही.

"म्हन," रुख्मिणीबाई म्हणाल्या. "त्या थोरल्या बहिनीचं पद येते का तुले?"

"येतं. बी.ए.ला असताना शिकले होते."

"तेच म्हन."

प्रणाली भिंतीला टेकून बसली. हे पद काल सभागृहात तिला कुणी म्हणायला सांगितलंच नव्हतं. अकोल्यात ते आता दुसऱ्या मुलीचं झालं होतं. तालमी सुरू होतील, वाशीमची ती मुलगी रोज सकाळी जाईल. तिनं सा धरला आणि सुरू केलं. मुखडा गेला, अंतरा गेला, आणि वरचा सा आला तेव्हा तिला कळलंसुद्धा नाही, इतका तो सरळ आला आणि थांबला.

रुख्मिणीबाई मांडीवर ताल देत होत्या. मधेच त्यांचा हात थांबला, मग पुन्हा सुरू झाला. खुशालरावांची बोटं पट्ट्यांकडे गेली होती. त्यांनी ती मागे घेतली, भात्याचा खटका लावला, आणि हात कुठं ठेवावे ते न कळून मांडीवर ठेवले.

पौर्णिमा बापाच्या कडेवरून उतरली, आईजवळ आली आणि तिच्या तोंडावर हात ठेवू लागली. प्रणालीनं तो हात धरून बाजूला ठेवला. गरम आहे का ते पाहिलं नाही. पद संपायचं होतं.